शेवटची सोळा पानं

मनू,

तुझ्या रहस्यकथेची पीडीएफ मिळाली. मोबाईलवर मला काही एवढं वाचवत नाही म्हणून राम मारुती रोडला जाऊन प्रिंट काढून आणली, झेरॉक्सवाला म्हणाला काका कोर्टाची केस आहे का, मी म्हटलं हो, खुनाची. किती पैसे झाले ते आईला सांगू नकोस.

सत्तर पानं झाली वाचून. चांगलं लिहिलंयस, बाप म्हणून नाही सांगत, ती जिन्यावरची बाई तर मस्तच जमलीये. पण खून शिमल्याला कशाला गं? तू कधी गेलीस शिमल्याला? बंगला, फायरप्लेस, वर तो बटलर. आपल्याकडे बटलर नसतो, वॉचमन असतो, आणि कोण किती वाजता आलं, कोणाच्या घरी कुरियर आलं, कोणाचं भांडण झालं हे सगळं त्यालाच माहीत असतं.

तू मागे विचारलं होतंस ना, बाबा तुम्ही लहानपणी काय वाचायचात. बाबूराव अर्नाळकर! खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६ चा, गेले १९९६ ला, आणि रहस्यकथा लिहिल्या हजाराच्या वर. काल कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, लिहायची पन्नास वर्षं धरली तरी वर्षाला वीस होतात, म्हणजे अठरा दिवसाला एक. तुला पहिल्या चॅप्टरलाच आठ महिने लागले, टोमणा नाही मारत, आपलं सांगितलं. आणि अर्नाळा म्हणजे आपलं विरारजवळचं, किल्ल्याचं. २०१४ ला पालघर वेगळा झाला तोपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे नावावरून मी त्यांना ठाणेकरच धरतो, कोणाला आक्षेप असेल तर असू दे.

आमच्या नौपाड्यात तेव्हा जिन्याखाली एक लायब्ररी होती, दिवसाच्या भाड्यावर पुस्तक मिळायचं. दुसऱ्या दिवशी परत नाही केलं की डबल भाडं, त्यामुळे मी आणि तुझा काका एकाच्या भाड्यात दोघं वाचायचो, तो जेवायच्या आधी, मी जेवल्यावर गॅलरीतल्या बल्बखाली. अशा वाचकाला पहिल्या पानाला धरावं लागतं, निसर्गवर्णनाला वेळच नसतो कोणाकडे. तुझं धुकं चार पानं चाललंय, बघ जरा.

एकदा धनंजयचं पुस्तक आणलं. धनंजय म्हणजे डिटेक्टिव्ह, बरोबर त्याचा छोटू. रंगात आलेलं, आणि शेवटची सोळा पानंच नाहीत! पिना गंजून अख्खा फॉर्म, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांची घडीच, गळून पडलेला, पुठ्ठ्याला आतून नुसते दोन तांबडे डाग. आम्ही भांडायला गेलो तर लायब्ररीवाला पुड्या बांधता बांधता म्हणतो, त्यात काय, शेवटी खुनी सापडतो, सगळ्यांनाच माहितीये. चौथ्या दिवसापर्यंत आमचं घरात हेच चाललं होतं, काकाचा संशय डॉक्टरवर, माझा पुतण्यावर. शेवटी काकाने गणिताच्या वहीत मागून शेवट लिहून काढला, डॉक्टरला तलावपाळीला होडीत बसवून पकडलं, आणि वही नेमकी सरांनी तपासायला घेतली. खरा खुनी कोण होता ते आजतागायत कळलेलं नाही. पुस्तकाचं नावही आता आठवत नाही, नाहीतर ग्रंथ संग्रहालयात जाऊन शोधलं असतं.

आता मोठेपणी कळतं की हे सगळं इंग्रजी रहस्यकथांच्या हाताला धरून आलेलं. धनंजय-छोटू बघितले की होम्स-वॉटसन आठवतातच. आणि होम्स तरी कुठे आकाशातून पडला, डॉयलला एडिंबरोला शिकवणारे डॉक्टर जोसेफ बेल होते, पेशंटकडे नुसतं बघून त्याचा धंदा ओळखायचे, त्यांच्यावरून त्याने बेतला. तेव्हा उसनं घेतलंस म्हणून मी काही बोलणार नाही. पण अर्नाळकरांचा झुंजार वाचताना आम्हाला कधी वाटलं नाही की हा बाहेरून आलाय. दुष्टांना लुटणारा, पोलिसांना चकवणारा, आणि तोंडात मराठी. काका तर लोकलमध्ये कोणी उंच माणूस दिसला की मला कोपर मारायचा.

तुझ्या बटलरला कोपर मारण्यासारखं काही नाही गं. वागळे इस्टेटमधली बंद पडलेली कंपनी घे, कळव्याची खाडी घे, येऊरला रविवारी सकाळी फिरायला जाणारी रिटायर्ड मंडळी घे, त्यातल्या निम्म्यांवर माझा आत्ताच संशय आहे. गणपतीत आलीस की फिरवून आणतो.

बाकी इथे ठीक. आईचा गुडघा बरा आहे, लिफ्ट परत बंद आहे.

आणि हो, प्रिंट काढताना शेवटची सोळा पानं मी काढलीच नाहीत. बाकीचा गठ्ठा उद्या काकाकडे नेतोय, त्याचा फोन आला तर खुनी सांगू नकोस. त्याने नुसती पात्रांची यादी ऐकली आणि लगेच म्हणाला, डॉक्टर आहे का त्यात?

बाबा