बेंच घ्यायच्या आधी वाच

बाळा,

काल मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलंच. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये. पण तू म्हणालास की बॅटरी चार्ज करणारे अल्टरनेटर आणि इंजिन चालू करणारे सेल्फ तपासायचा जुना टेस्ट बेंच मिळतोय, चालू आहे, फक्त बेल्टवरचं गार्ड नाही, ते नंतर बसवू, तिथंच माझं डोकं फिरलं. नंतर कोण बसवतं रे?

बरं, गार्डचं राहू दे. अल्टरनेटर फिरवणारी बेंचची मोटर २ एचपीची म्हणालास ना? मग हिशोब कर. १२० अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला म्हणजे जवळपास १७०० वॅट. त्याला दिलेल्या ताकदीतली निम्म्याहून थोडी जास्तच करंट होऊन बाहेर येते, बाकीची गरम होण्यात जाते, म्हणजे शाफ्टवर ३००० वॅट तरी पाहिजेत, ४ एचपी इथंच झाले, वर बेल्टची घट, तेव्हा ५ धर. २ एचपीवर ६० अँपिअरच्या पुढे गेलास की मोटर दबणार नाहीतर बेल्ट घसरणार. मग तू अर्ध्या लोडवर पास करून देणार आणि गिऱ्हाईक चार दिवसांत परत येणार, रात्री हेडलाइट आणि एसी लावला की बॅटरी उतरते म्हणून. अल्टरनेटरच्या आतला एखादा डायोड गेलेला असला तरी लोड नसताना मीटर १४ दाखवू शकतो, हे तुला मी काय सांगू. ट्रकचं २४ व्होल्टचं काम घेणार असशील तर साडेसात एचपीच्या खाली बघूच नको, आणि आधी थ्री फेज कनेक्शन घे.

सेल्फचंही तेच. नुसता फिरवून बघितला की सगळेच सेल्फ चांगले वाटतात. लोड देऊन अँपिअर आणि आरपीएम दोन्ही बघायची सोय पाहिजे. आणि सेल्फ धरून ठेवणारी बेंचची पकड! बटण दाबलं की सेल्फ उलटा झटका मारतो. माझा अंगठा तू लहानपणापासून बघतोयस. वाइस नीट आवळला नव्हता, बस एवढंच झालं होतं. म्हणून गार्ड म्हणतोय मी. परत तेच आलं बघ.

लहान असताना तू ग्राउलरवर, म्हणजे वाइंडिंगमधला शॉर्ट शोधायच्या यंत्रावर, सेल्फच्या आतला फिरणारा आर्मेचर ठेवून वर हॅक्सॉ ब्लेड धरायचास. शॉर्ट असलेल्या खाचेवर ब्लेड थरथरलं की ओरडायचास, "बाबा, हा मेला!" आप्पा नुसते बघत बसायचे. आणि आता तू मला सांगतोस की नवीन गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्ट सांभाळणारा रेग्युलेटर लिन नावाच्या एका वायरीवरून गाडीच्या कॉम्प्युटरचं ऐकतो, टेस्टरनं तशी कमांड दिली नाही तर चांगला अल्टरनेटरही खराब ठरेल. मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी मामाला फोन करून सांगितलं, हे मी शिकवलेलं नाही, पोरगा स्वतः शिकलाय. तेव्हा लिनवाला टेस्टर घे, त्याला माझी ना नाही. पैसे कमी पडले तर रंगरंगोटी राहू दे, डीसीचा क्लॅम्प मीटर मात्र चांगलाच घे, नुसता एसी करंट मोजणारा इथं काही कामाचा नाही.

आणि बॅटरीजवळ जाताना अंगठी काढत जा. पान्यासोबत ती शॉर्ट झाली तर क्षणात लाल होते. लेक्चर झालं परत, सॉरी. धंदा तुझा आहे, ठरव तू.

फक्त एक कर. मोटरच्या पुलीपासून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंतचं अंतर, आणि बेंचची रुंदी, मोजून पाठव. गार्ड मी वेल्ड करून पाठवतो. तोवर बेंच चालू करू नको.

बाबा