हत्तीच्या जागी टोपण

संपादक महोदय,
बुडापेस्टला २०२४ मध्ये आपल्या मुलींनी बुद्धिबळ ऑलिम्पियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघातल्या दिव्या देशमुखचे फोटो झळकले. झळकायलाच हवेत! पण त्या संघाचे न खेळणारे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, हे माझ्या वर्गातल्या एकाही पालकाला ठाऊक नव्हतं. चेन्नईच्या आर. बी. रमेश यांनी तर २००८ मध्ये स्वतःचं खेळणं थांबवून शिकवणं पत्करलं, ग्रँडमास्टर प्रज्ञानंदला घडवलं, चाली मनात कशा मोजाव्यात यावर पुस्तक लिहिलं. मी सांगलीत दर रविवारी पोरांना बुद्धिबळ शिकवतो. एक हत्ती हरवलाय, म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण ठेवतो. परवा सातवीतल्या मुलीनं त्याच टोपणानं मला मात दिली. कुंटे-रमेश यांच्यावर रविवार पुरवणीत एखादं पान द्याल का?

– एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली