जे. जे. केल हळू आवाजातच ऐकावेत, वाजवावेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकन गायक-गीतकार जे. जे. केल २६ जुलै २०१३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने गेले. ‘आफ्टर मिडनाइट’ आणि ‘कोकेन’ ही त्यांची गाणी आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर आली ती ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टन यांच्या आवाजात. हौशी बँडही तोच जोर उचलतात. केल यांच्या स्मृतिदिनी तरी ही गाणी त्यांच्या पद्धतीने वाजावीत, अशी आम्हा चाहत्यांची कळकळीची विनंती आहे.

केल यांच्या वाजवण्या-गाण्यातला निवांतपणा आळसातून आलेला नव्हता. ‘आफ्टर मिडनाइट’ त्यांनी १९६६ मध्ये जलद लयीत ध्वनिमुद्रित केले होते. क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये तोच वेग घेतला आणि गाणे गाजले. तरीही ‘नॅचरली’ या पहिल्या अल्बमसाठी केल यांनी ते मुद्दाम संथ केले. त्याच अल्बममधल्या ‘कॉल मी द ब्रीझ’ला ड्रमर नाही, ड्रम मशीन आहे. ठेका जागचा हलत नाही, म्हणून गिटारला त्याच्याभोवती मोकळेपणी फिरता येते.

इथेच नवे वादक फसतात. गाणे जरा मागे रेलून वाजवायचे म्हणून सगळेच मागे राहतात आणि लय उतरते. बास आणि ड्रम ठेक्यावर घट्ट हवेत, किंचित उशिरा यायचे ते गायकाने आणि गिटारने. शफलसुद्धा (लांब-आखूड ठोक्यांच्या जोड्यांनी उसळत जाणारा ठेका) पुरता उसळता नको. सरळ ठेका आणि शफल यांच्या मधली ती चाल आहे, आणि ड्रमरने काठी जोरात मारली की ती संपलीच. काठ्यांऐवजी ब्रश घ्यावेत. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज स्वच्छ ठेवावा, डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणे) बंद.

गाण्याचे ध्वनिमुद्रण तर शिकण्यासारखे आहे. केल स्वतः साउंड इंजिनिअरचे काम केलेले. आवाज ते वाद्यांच्या बरोबरीने, बऱ्याचदा खालीच ठेवत आणि एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक चढवत. हे घरी करून पाहणाऱ्यांनी माइकपासून वीतभर अंतरावर, बोलल्यासारखे गावे. माइक थोडा तिरका धरावा, नाहीतर ‘प’ आणि ‘ब’ फुटतात. फार जवळ गेल्यास आवाज घुमतो, मग ध्वनिमुद्रणातला खर्जाचा भाग कमी करावा लागतो. दुसऱ्यांदा गाताना शब्दांच्या शेवटचे ‘स’, ‘ट’ अर्धवट सोडावेत. दोन्ही वेळचे ‘स’ मागेपुढे पडले की जोड लगेच उघडी पडते. दुसरा आवाज पहिल्यापेक्षा हळू ठेवावा.

कार्यक्रमाच्या आयोजकांनाही एक सांगणे: मोठे स्पीकर लावून यातले काहीच ऐकू येणार नाही. छोटी खोली बरी. नव्या श्रोत्यांनी ‘नॅचरली’पासून सुरुवात करावी, मग ‘ट्रबॅडूर’ (१९७६) घ्यावा. मूळ ‘कोकेन’ त्यातच आहे. क्लॅप्टन यांच्यासोबतचा, ग्रॅमी मिळालेला ‘द रोड टू एस्कॉन्डिडो’ (२००६) त्यानंतर.

आपले,
केल यांचे काही चाहते, पुणे