जुन्या पिस्तुलाची पारख करून देणाऱ्या सुभेदारकाकांना जाहीर आभारपत्र

ती. स्व. सुभेदारकाका यांना साष्टांग नमस्कार.

आभार मानायला घरी आले असते तर आपण "पुरे गं, चहा घे" म्हणून विषयच मोडीत काढला असता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. त्यात माझा आणखी एक हेतू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पुष्कळ मुले-मुली नेमबाजीची चौकशी करू लागली आहेत, आणि स्पर्धेच्या नव्या पिस्तुलाची लाखावरची किंमत ऐकून तितक्याच लवकर गप्पही होतात. जुने पिस्तूल डोळसपणे घेता येते, हे आपण मला दाखवलेत. ते त्यांनाही कळावे.

मी प्रथम आपल्यासमोर ठेवलेले फोटो हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पिस्तुलाचे होते. रंगरूप चांगले, किंमत आवाक्यातली, आणि विकणाऱ्याला भलतीच घाई. आपण फोटोंवरून नुसती नजर फिरवलीत आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख तेवढी मागवायला लावलीत. अशा सिलिंडरची मुदत साधारण 10 वर्षांची असते आणि ते मुदतीत आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूवरच असते. त्या सिलिंडरची मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नवे सिलिंडर परदेशातून मागवायचे म्हटल्यावर स्वस्ताईचा सारा हिशेबच उलटला.

त्यानंतर कोल्हापूरकडच्या एका जुन्या नेमबाजांचे फाइनवेर्कबाउ 65 हे हवाई पिस्तूल विकायचे असल्याचे आपणच कळवलेत. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथे बनलेले हे मॉडेल 1965 मध्ये बाजारात आले. ते स्प्रिंगवर चालते, त्यामुळे सिलिंडरचा आणि त्याच्या मुदतीचा प्रश्नच येत नाही. बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची, छर्रा भरायचा आणि दांडा मिटवायचा; बार झाला की नळीसकट आतली सगळी यंत्रणा रुळावरून किंचित मागे सरकते आणि धक्का हातापर्यंत पोचत नाही. इतक्या जुन्या वस्तूत ही सरक अजून लोण्यासारखी मऊ आहे, हे दाखवताना आपल्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते पाहूनच माझा निम्मा निर्णय झाला होता. आपण मात्र मला घाई करू दिली नाहीत.

त्या काळच्या जर्मन हवाई हत्यारांमधील हवा अडवणारी प्लास्टिकची सीले वर्षानुवर्षे न वापरताही कुजतात आणि त्यांचा मेणचट चुरा होतो, म्हणून वरच्या पॉलिशला भुलू नये, असे आपण सांगितलेत. मग नळी आणि हवेची कोठी जिथे जुळतात त्या सांध्यावर आपण टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरलीत आणि मला बार करायला लावलात. पट्टी फडफडली. हवा गळत होती. मालकांनी ते मोकळेपणाने मान्य करून किंमत उतरवली, आणि आपण बेळगावच्या उद्यमबागेतील आपल्या ओळखीच्या लेथवर बरोबर मापाचे सील कातून घेतलेत. ते बसवल्यावर त्याच सांध्यावर धरलेली पट्टी हललीसुद्धा नाही.

ट्रिगरची परीक्षा तर मी जन्मात विसरणार नाही. 10 मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो, आणि स्पर्धेआधीच्या तपासणीत ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उभे उचलून पाहतात. आपण एका डब्यात वाळू भरून, सराफाच्या काट्यावर तो नेमका 500 ग्रॅमचा करून आणला होता. पहिल्यांदा उचलताच ट्रिगर सुटला. आपण स्क्रू नखभर फिरवायचा, पुन्हा डबा अडकवायचा, असे शांतपणे करत राहिलात, आणि डबा दर वेळी निमूट लटकू लागला तेव्हाच थांबलात. मूठ माझ्या हाताला मोठी होती. तीही आपण कानशीने घासून दिलीत, पण तळहाताखालचा टेका नियमाबाहेर वर वळू नये याकडे आपले बारीक लक्ष होते.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव असल्याने हत्यार हाताळलेली माणसे बेळगावात गल्लोगल्ली भेटतील; खेळाचे पिस्तूल इतक्या मायेने उघडणारे मला तरी आपणच भेटलात.

कागदपत्रांच्या बाबतीत मी थोडी निष्काळजी होते, आपण नव्हता. 4.5 मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई पिस्तुलाला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 140 मीटर वेगाने सुटला तरी हिशेब 5 ज्यूलच्या आतच राहतो. तरीही महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोणी पिशवी उघडायला लावली, तर त्याला हा हिशेब तोंडी पटेलच असे नाही. म्हणून पिस्तुलाचा क्रमांक, व्यास, किंमत आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडलेली पावती आपण मराठीत करून घेतलीत आणि सोबत तिचा कन्नड अनुवादही ठेवायला लावलात. तो कागद आजही पिस्तुलाच्या पेटीतच असतो.

या पिस्तुलाच्या उणिवाही आपण लपवल्या नाहीत, याचे मला विशेष वाटते. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 बार मारायचे आणि प्रत्येक बारापूर्वी दांडा ओढायचा, हे सिलिंडरवाल्या पिस्तुलापेक्षा दमवणारे आहे. शिवाय ट्रिगर दाबल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत किंचित जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो. पुढे राष्ट्रीय पातळीवर जायचे झाल्यास दुसरे पिस्तूल घ्यावे लागेल, हे आपण तेव्हाच स्पष्ट सांगितलेत. सध्या मात्र त्या जास्तीच्या क्षणाने माझा हात चांगलाच सुधारला आहे. दांडा हातात घट्ट धरूनच छर्रा भरायचा, रिकामा बार करायचा नाही आणि कोठीत मशीनचे तेल घालायचे नाही, हे आपले तिन्ही दंडक मी पाळते. खानापूरच्या पावसाळ्यात पेटीतला फोम ओल धरतो, म्हणून पिस्तूल आता कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवते.

मजुरीचा विषय आपण काढू दिला नाहीत. निदान लेथवाल्या दादांचे पैसे तरी घ्यावेत, ही विनंती; ते पाकिटात घालून सोबत पाठवत आहे, आणि या वेळी परत पाठवू नयेत.

काकूंना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक नेमबाज