राकोत्सीफाल्वाच्या सुना

ती. आई-बाबांस, सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "हे हंगेरियन म्हणजे ते हूणच ना?" इथे हंगेरीतही पुष्कळ लोक हौसेने तसंच सांगतात. 895च्या सुमारास हंगेरियनांचा पुढारी अर्पाद याच्या टोळ्या कार्पेथियन डोंगर ओलांडून इथे आल्या. त्यांच्या कबरींतला डीएनए 2022मध्ये इथल्या सेगेड शहरातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यात सगळ्यांत जवळचं नातं निघालं उरल पर्वतापलीकडच्या मान्सी लोकांशी. हंगेरियन भाषाही त्यांच्याच कुळातली. हूणांशी जुळणारा अंशही काहींमध्ये आहे, म्हणजे तुम्ही अगदीच चुकला नाहीत! पण साध्या माणसांच्या कबरींत बहुतेक जण आधीपासून इथेच राहणारे. आजच्या हंगेरियन माणसात तर तो पूर्वेकडचा वाटा किरकोळ उरलाय. भाषा मात्र थोड्यांची, ती सगळ्यांची झाली.

आई, तुझ्यासाठी वेगळी गोष्ट आहे, हंगेरियनांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या अवार नावाच्या लोकांची. त्यांच्या चार दफनभूमींतल्या 424 जणांचा डीएनए तपासून 2024मध्ये निबंध आला. राकोत्सीफाल्वा गावी तर 9 पिढ्यांची वंशावळ जुळली. भटांच्या वहीशिवाय, नुसत्या हाडांवरून! सगळी वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. ज्या बायकांना मुलं झाली, त्यांचे आईवडील त्या दफनभूमीत नाहीतच, म्हणजे सगळ्या सुना बाहेरून आणलेल्या. आणि घरच्या मुली लग्न होऊन दुसरीकडे गेलेल्या. नवरा गेल्यावर काही जणींना दिरापासून मुलं झालेली दिसतात. रक्ताच्या नात्यात मात्र लग्न नाही. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, त्यांना तीही चालत नसावी. त्या सुनांना कुणी विचारलं असेल का, हे मात्र डीएनए सांगत नाही. मला सारखं तेच मनात येतं.

नमुना घेतात तो दातातून, नाहीतर कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या हाडातून. ते फार टणक असतं. हातमोजे, मास्क, वरून खाली झाकणारा पोशाख, कारण आपलाच डीएनए त्यात मिसळला की सगळं वाया. इथल्या थंडीत तो बरा टिकतो. आपल्या उन्हात कठीण. हरियाणातल्या राखीगढीला, हडप्पा संस्कृतीच्या जागी, डेक्कन कॉलेजच्या मंडळींच्या उत्खननातल्या 61 नमुन्यांतून जेमतेम एका बाईचा जीनोम (डीएनएचा आराखडा) हाती लागला होता, 2019मध्ये. बाबा, तुम्ही तेव्हा ते कात्रण जपून ठेवलं होतंत, सापडलं तर फोटो पाठवा.

आई, तू "दुसऱ्याची हाडं उकरू नये" म्हणालीस, त्यावर रविवारी बोलू. मला त्याचं उत्तर अजून नीट देता येत नाही.

तुमची,
मनू