काका, बेअरिंग चांगलं निघालं

ती. काका,

साष्टांग नमस्कार.

मोबाइलवर लांबलचक मजकूर आला की तुम्ही वाचत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र ताईच तुम्हाला वाचून दाखवणार आहेत. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की इथे न्यू जर्सीत माझ्यासारखे आणखी काही मराठी लोक निघाले, ज्यांनी चाळिशीत हौसेनं जुनी पोर्शे घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात 'आयएमएस बेअरिंग' हे दोन शब्द वाचून झोप घालवली. त्यांना कळू दे, तुम्ही माझ्यासाठी नेमकं काय केलंत.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९९६ मध्ये पोर्शेची बॉक्स्टर आली आणि १९९७ मध्ये पाण्यानं गार होणारी पहिली ९११, म्हणजे ९९६. दोन्हींत एम-९६ जातीचं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन. त्यात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, खाली आणखी एक शाफ्ट असतो, इंटरमिजिएट शाफ्ट, म्हणजेच आयएमएस. क्रँककडून चेननं फिरणं घ्यायचं आणि पुढे चेननंच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं ऑइल पंपाकडचं टोक साध्या बुश बेअरिंगमध्ये फिरतं, पण फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेलं. ते खिळखिळं झालं की शाफ्ट डुगडुगतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, म्हणजे टायमिंग, सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. इंजिन भंगारात. त्याच काळातल्या ९९६ टर्बो आणि जीटी-३ मध्ये पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेट्सगर यांच्या जुन्या घडणीचं इंजिन होतं, त्यांना ही पीडा नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवीन इंजिन आलं, त्यात हा शाफ्टच काढून टाकला. मधल्या गाड्यांवरून अमेरिकेत खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या गाड्या तिच्यात धरल्या होत्या. माझी २००३ ची बॉक्स्टर त्यात बसते, पण भरपाईची मुदत केव्हाच संपलेली.

तर मी घाबरून एका गॅरेजात गेलो. नाव घेत नाही. त्यांनी गाडी उचललीही नाही, तेल बघितलं नाही, "कधीही जाईल" म्हणाले आणि पुढच्या मंगळवारची तारीख देऊन मोकळे झाले. मीही ॲडव्हान्स द्यायला पाकीट काढलं होतं. त्या रविवारी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढे होतात, आणि माझी रडकथा ऐकून मागे न वळताच म्हणालात, "मर्दा, गडबड करू नगंस. आधी फिल्टर कापून बघू."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमची पंचवीस वर्षं गेली हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी तुमच्या शेडमध्ये कळलं, तुम्ही तेलाचा फिल्टर कसा धरलात त्यावरून. कात्रीनं दोन्ही कडा कापल्यात, जुन्या पांढऱ्या चादरीच्या तुकड्यावर तो कागद पेटीच्या भात्यासारखा उलगडलात आणि एकेक घडी बोटांनी उघडत गेलात. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, म्हणजे काही चिकटलं तर पिशवी उलटी करून वेगळं काढता येतं. मधल्या एका घडीत दोन तपकिरी कण निघाले, मिरचीच्या बीएवढे. माझा जीव घशात. तुम्ही चुंबक फिरवलात, ते हलले नाहीत. नखानं दाबलेत तर दबले. "चेन ज्या पट्टीवर घासती ना, तिचं प्लास्टिक हाय हे. चालायचंच."

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला त्या आधीच्या गॅरेजनं सांगायला हवं होतं. फिल्टरमध्ये लोखंडाचा चुरा निघाला तर नुसतं बेअरिंग बदलण्यात अर्थ नाही. चुरा तोवर सगळ्या इंजिनभर फिरलेला असतो, नवीन बेअरिंग त्याच चुऱ्यात जाऊन बसणार. तेव्हा एकतर इंजिन पूर्ण उघडायचं, नाहीतर दुसरं शोधायचं. म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा. इतकंच करून तुम्ही थांबला नाहीत. नवीन तेल आणि नवीन फिल्टर घालून महिनाभर गाडी चालवायला लावलीत आणि तोही फिल्टर कापलात. तो स्वच्छ निघाला तेव्हाच "आता घेऊ" म्हणालात.

त्या महिन्यात मी रोज ऑफिसला गाडी नेली. तोवर ती घरच्या गॅरेजात झाकून ठेवायचो, किलोमीटर कमी म्हणजे आयुष्य जास्त, हे माझं शहाणपण. तुम्ही हसलात. सीलबंद बेअरिंगच्या आत ग्रीस असतं, पण वर्षानुवर्षं गरम तेलात राहून सील सैल पडतं, तेल आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि तिथेच कोंडून राहतं. गाडी उभी राहिली की ते जुनं तेल आतल्या आत नासतं. जपून कपाटात ठेवलेली पैठणी घडीवरच फाटते, तसलाच प्रकार. माझ्या आईला हे एका वाक्यात कळलं असतं.

कामाच्या दोन दिवसांत मी नुसता स्पॅनर द्यायला होतो, तरी लिहितो. सायलेन्सर, ॲक्सल, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, एवढं सगळं उतरल्यावर कुठे ते तीन बोल्टचं झाकण दिसलं. तुम्ही क्रँक पिननं अडकवलात, कॅमशाफ्ट जागच्या जागी धरलेत, चेनचे टेन्शनर सैल केलेत, आणि मग त्या बोल्टांना हात लावलात. ताण तसाच ठेवून झाकण काढलं तर शाफ्ट एका बाजूला ओढला जातो आणि टायमिंग हातचं जातं, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. मला वाटतं, ते तुम्ही स्वतःलाच सांगत होतात. क्लच प्लेट मात्र बदलली नाहीत. "अजून हाय तिच्यात." मागचं क्रँक सील तेवढं घातलंत, कारण तिथवर परत कोण येणार.

पुलरनं बेअरिंग बाहेर आलं. तुम्ही ते पुसून आकडा वाचलात आणि मोठ्यानं हसलात. ६२०४ ची साइज, भोक २० मिलिमीटर, बाहेरून ४७, जाडी १४. "अरं, हे तर आपल्या पाण्याच्या मोटारीत असतंय!" या एवढ्याशा चकतीपायी मी चार महिने जागा होतो.

बेअरिंग चांगलं होतं. बोटावर फिरवलं तर गुळगुळीत, कानाशी धरलं तर गप्प, हलवून बघितलं तर खेळ नाही. आत ग्रीसही थोडं शिल्लक. तुम्ही काहीही सांगितलं असतंत तरी मी मान डोलावली असती. 'बरं झालं आलास, आठवडाभरात गेलं असतं' म्हणाला असतात तर मी तुमच्या पाया पडलो असतो. तुम्ही म्हणालात, "चांगलं होतं रे. पण ओढून काढलेलं परत बसवत न्हाईत, गोळ्यांनी रेसवर, म्हंजे त्या फिरत्यात त्या कड्यावर, खड्डा पाडलेला असतो."

घरी बायकोनं विचारलंच, "म्हणजे पैसे फुकट गेले?" मलाही दोन दिवस चुटपुट लागली, खोटं कशाला बोलू.

नवीन बेअरिंग रात्रभर काकूंच्या फ्रीजरमध्ये होतं, ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी. सिरॅमिकच्या गोळ्यांचं, आणि इंजिनाकडची बाजू उघडी, म्हणजे ताजं तेल येत-जात राहतं. गार होऊन ते केसभर आकसलं होतं, सरळ आत गेलं. सगळं जोडल्यावर मी किल्लीकडे हात नेला, तर तुम्ही तो बाजूला सारलात आणि पान्यानं क्रँक हातानंच पूर्ण दोन फेरे फिरवलात. मग स्टार्टर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्रँककेसला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मी श्वास धरून तुमच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि चहा सांगितलात.

हेही बेअरिंग कायमचं नाही, म्हणून पुढच्या डिकीच्या झाकणाच्या आत तुम्ही तारीख आणि मैल लिहिलेली पट्टी चिकटवलीत. ती मराठीत आहे. पुढचा मालक काय समजेल कोण जाणे.

मजुरी तुम्ही घेतलीत, पण दोन फिल्टर कापायचे आणि महिनाभर वाट बघायचे पैसे घेतले नाहीत. "बघायचं कसलं देतोस," म्हणालात. मला वाटतं, सगळ्यात महाग तेच होतं. ते मी फेडू शकत नाही, म्हणून हे पत्र.

जुनं बेअरिंग माझ्या टेबलावर आहे. मुलगी ते पेन्सिलीत घालून फिरवते. पाच हजार मैल झाले की तेल बदलायला येईनच. कात्री मी आणतो, चादरीचा तुकडा तुमचा. काकूंना खोबऱ्याच्या डब्याबद्दल क्षमा मागितली आहे, म्हणून सांगा.

तुमचा,
लाल गाडीवाला