घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

महोदय,

माझे यजमान घोरता घोरता एकदम गप्प होत आणि मी अंधारात आकडे मोजत बसे. वीसच्या पुढे गेले की ते गुदमरल्यासारखे दचकून श्वास घेत. दुपारी जेवताना घास हातातच राही, डोळे मिटलेले. घरात याला आम्ही सुखाची झोप म्हणत होतो, क्वचित आळसही! झोपेच्या तपासणीत कळले की, हा झोपेत श्वास अडण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे; यात घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग बंद होतो आणि श्वास किमान १० सेकंद थांबण्याचे वा उथळ होण्याचे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक असल्यास आजार तीव्र मानतात. नाकावाटे हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र आता उशाशी असते. अशी डुलकी चालकालाही लागू शकते; म्हणून अवजड वाहनांचा परवाना देताना दृष्टीइतकीच काटेकोर चौकशी दिवसा पेंगण्याचीही व्हावी.

– एक वाचक, सातारा